वेळासची छायाचित्रण कार्यशाळा: सुपारीवरचा धडा उत्तम, बाकीचा हिशेब अपुरा

पुण्यातील एका लहान संस्थेने गेल्या मार्चमध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘नैसर्गिक प्रकाशात कासवांचे छायाचित्रण’ अशी दोन दिवसांची कार्यशाळा घेतली, तिला मी गेलो होतो. संस्थेचे नाव येथे देत नाही. माझ्या तक्रारी मी त्यांना तोंडावर सांगितल्या आहेत आणि त्यांनी त्या ऐकूनही घेतल्या आहेत. शिवाय फेब्रुवारी उजाडला की पुण्याहून कोकणात निघणाऱ्या अशा सहली आता इतक्या झाल्या आहेत, की एका नावाची वाहवा किंवा नालस्ती करण्यापेक्षा पैसे भरण्याआधी काय विचारावे हे सांगितलेले अधिक कामी येईल. शुल्क माणशी ६,८०० रुपये होते. त्यात येण्याजाण्याचा प्रवास, एक मुक्काम, जेवणखाण आणि आदल्या गुरुवारी कर्वे रस्त्यावरील एका सभागृहात झालेला दोन तासांचा वर्ग एवढे धरलेले होते. कॅमेरा किंवा लेन्स भाड्याने हवी असेल तर तिचे पैसे आणि अनामत वेगळी.

पहिली तक्रार जाहिरातीची आहे, ती आधी उरकतो. जाहिरातीत ‘पिल्ले दिसण्याची हमी’ असे शब्द ठळक अक्षरांत होते. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, सुमारे दीड फूट खोल खड्डा करून त्यात साधारण १०० ते १५० अंडी घालते, वाळू सारून खड्डा बुजवते आणि समुद्रात परत जाते. पुढे ती त्या अंड्यांकडे फिरकतही नाही. अंडी वाळूच्या उबेवर ४५ ते ६० दिवसांत फुटतात. हा जो पंधरवड्याचा फरक आहे तो वाळूच्या तापमानाचा आहे, आणि पिल्लू नर निपजणार की मादी हेही त्याच तापमानावर ठरते. वाळू अधिक उबदार असेल तर माद्या अधिक. ओडिशात गहिरमाथा किंवा ऋषिकुल्या येथे हजारो माद्या एकाच सुमारास किनाऱ्यावर चढतात, तसा प्रकार कोकणात नाही. येथे एखाद्या रात्री एखादी मादी येते, मग चार रात्री कोणीही येत नाही, आणि त्यामुळे घरटी फुटण्याच्या तारखाही अशाच विखुरलेल्या असतात. प्रत्येक घरट्याची तारीख गावकऱ्यांकडे लिहिलेली असते, तिच्यावरून अंदाज बांधता येतो. पण पुणेकरांचा शनिवार-रविवार पाहून घरटे फुटत नाही, आणि ज्याला हे ठाऊक आहे त्याने हमी हा शब्द छापू नये. आमच्या तुकडीतील दोघांनी या शब्दावरून शनिवारी रात्री पैसे परत मागितले. ते भांडण ऐकायला नको वाटत होते. मात्र त्याचे मूळ जाहिरातीतच होते. जाहिरातीत दहाजणांची तुकडी म्हटले होते आणि टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आम्ही चौदाजण होतो, हेही याच खात्यात जमा करावे.

गुरुवारच्या वर्गाबद्दल माझे मत संमिश्र आहे. शटर (उजेड किती वेळ आत येतो), अ‍ॅपर्चर (लेन्सचे तोंड किती उघडते) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे) यांचा परस्परसंबंध मार्गदर्शक बाईंनी नेमक्या शब्दांत समजावून सांगितला आणि कॅमेरा नवीन असलेल्यांना त्याचा निश्चित उपयोग झाला. परंतु फ्लॅश वापरायचा नाही हे सांगताना त्यांनी ‘तेथे परवानगी नसते’ एवढेच सांगितले आणि पुढच्या विषयाला हात घातला. नैसर्गिक प्रकाश ही या कार्यशाळेच्या नावातच असलेली गोष्ट; तिची कलेची बाजू आम्हांला तासभर ऐकायला मिळाली, आणि कासवाच्या बाजूने तिचा अर्थ काय हे मात्र दोनशे किलोमीटर दूर जाऊन, गावातल्या एका तरुणाच्या तोंडून कळले. त्याबद्दल पुढे येईलच.

प्रवासात सांगण्यासारखे फारसे नाही. पहाटे पाचला कोथरूडहून निघून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करीत हरिहरेश्वरच्या अलीकडे बागमांडल्याला पोहोचायचे, तेथून गाडीसकट फेरीबोटीत चढून सावित्रीची खाडी ओलांडायची, वेसवीला उतरायचे आणि बाणकोटवरून वेळास. फेरीसाठी सुट्टीच्या दिवशी रांग असते. आमचा तासभर तेथेच गेला आणि तो वेळ वेळापत्रकात धरलेला नव्हता. वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. लक्ष्मी रस्त्यावर नानांच्या बेलबाग मंदिरावरून रोज जाणाऱ्या पुणेकराला त्यांच्या या गावी यायला कासवांचे निमित्त लागावे, याची मला जराशी गंमत वाटली.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने येथे २००२ मध्ये कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले आणि २००६ पासून गावात कासव महोत्सव भरू लागला. त्याआधी किनाऱ्यावरची घरटी उकरून अंडी नेली जात, उरलीसुरली कुत्री-कोल्ही फस्त करीत. आता मादी येऊन गेल्याचा माग सापडला की गावातले कासवमित्र अंडी अलगद काढून किनाऱ्यावरच जाळीच्या कुंपणात, तेवढ्याच खोलीवर, पुन्हा पुरतात. घरटे फुटायला आले की त्यावर टोपली पालथी घालून ठेवतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात. किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्याला जे काही दिसते ते या टोपलीच्या मेहेरबानीने. २०२२ च्या जानेवारीत ‘प्रथमा’ नावाच्या मादीला उपग्रहाद्वारे माग काढता येईल असे यंत्र बसवून सोडले तेही याच किनाऱ्यावरून, आणि ही माहिती तरी मार्गदर्शक बाईंनी गाडीत चांगली रंगवून सांगितली.

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही सारे कॅमेरे सरसावून कुंपणापाशी उभे होतो. कासवमित्रांनी एकेक टोपली उचलली. पहिल्या टोपलीखाली सपाट वाळू, दुसरीखाली सपाट वाळू, तिसरीखाली एक खेकडा, आणि बस्स. चौदा माणसांचे चेहरे एकदम उतरलेले पाहण्याचा योग एरवी सहसा येत नाही.

येथून पुढचा दीड तास हा या कार्यशाळेचा सर्वांत मोलाचा भाग ठरला. मार्गदर्शक बाईंनी दुपारीच आमच्या मुक्कामाच्या घरच्या काकूंकडून मूठभर सुपाऱ्या मागून घेतल्या होत्या, सालासकट वाळलेल्या. काकूंनी विचारलेही होते, “एवढ्या सुपाऱ्या कशाला? कुणाची सुपारी फोडताय की काय?” कासवाचे नुकते बाहेर पडलेले पिल्लू सुमारे चार सेंटिमीटर लांब असते आणि वजनाला जेमतेम १५ ते २० ग्रॅम, सालासकटची सुपारी आकाराने बरोबर तेवढीच, रंगानेही वाळूपेक्षा गडद. बाईंनी त्या सुपाऱ्या कोरड्या वाळूपासून लाटेच्या ओलीपर्यंत चार-चार पावलांवर मांडल्या आणि सांगितले, की समजा हीच पिल्ले आहेत, पाण्याकडे निघाली आहेत, आणि सूर्य बुडायला पाऊण तास आहे. गावची पोरे सुरूच्या झाडांखाली उभी राहून आम्हांला मनसोक्त हसत होती. पुण्याहून लाखालाखाचे कॅमेरे घेऊन आलेली मोठी माणसे सुपारीपुढे कोपरांवर आडवी झालेली पाहून कोणीही हसेल.

वेळासचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. संध्याकाळी पिल्लू ज्या दिशेने चालते त्याच दिशेला सूर्य असतो, आणि प्रेक्षक मात्र त्याच्या मागे, जमिनीच्या बाजूला गर्दी करतात. म्हणजे बहुतेकांच्या छायाचित्रांत पिल्लाची पाठ येते आणि तीही प्रकाशाविरुद्ध, काळी. बाईंनी आम्हांला प्रथम मागे उभे केले आणि तसेच छायाचित्र काढायला लावले: ओल्या वाळूचा आरसा, त्यावर सोनेरी पट्टा आणि त्यात एक काळा ठिपका. वाईट दिसत नाही, पण सुपारी काय आणि पिल्लू काय, त्यात फरक कळत नाही. मग त्यांनी आम्हांला बाजूला, मार्गाशी काटकोनात नेले. प्रकाश आता डावीकडून येत होता. सुपारीची समुद्राकडची बाजू तांबूस उजळली होती, सालीचा एकेक धागा वेगळा दिसत होता, आणि मागे तिची सावली लांबत चालली होती. सूर्यास्ताला पंधरा मिनिटे उरली असताना मी ती सावली वितीने मोजली. चार सेंटिमीटरच्या सुपारीची सावली दोन फुटांवर गेली होती. पिल्लाच्या चारही वल्ह्यांच्या अशा सावल्या वाळूवर पडल्या तर काय दिसेल, याची कल्पना त्या एका सुपारीने जेवढी दिली तेवढी गुरुवारच्या तासाभराच्या पडद्यावरील चित्रांनी दिली नव्हती.

एक्स्पोजरचाही, म्हणजे चित्रात उजेड किती घ्यायचा याचाही, धडा तेथेच मिळाला. ओली वाळू आणि पाणी इतके चकाकत असते, की कॅमेरा आपणहून सारे चित्र गडद करतो आणि मधला लहान जीव कोळशासारखा काळा येतो. बाजूने काढताना दोन-तृतीयांश ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वाढवायचा, मागून छायाकृतीच हवी असेल तर एक स्टॉप कमी करायचा, आणि दोन्ही वेळा पडद्यावरच्या चित्रावर न विसंबता हिस्टोग्रॅमचा, म्हणजे उजळ-गडद भागांच्या आलेखाचा, उजवा काठ पाहायचा, असे त्यांनी सांगितले; आणि सांगून न थांबता प्रत्येकाच्या शेजारी वाळूत बसून करून घेतले. चौदाजणांकडे असे जायला त्यांना दीड तास पुरला नाही आणि शेवटच्या तिघांच्या वाट्याला सूर्य आलाच नाही. दहाजण असते तर आला असता.

येथेच मला भाड्याच्या लेन्सचा अनुभव आला. माझी स्वतःची लेन्स कॅननची आरएफ १००-४०० (मिलिमीटरचा हा आकडा जितका मोठा तितके दूरचे जवळ दिसते). तिचे वजन ६३५ ग्रॅम, ती मीटरभर अंतरावरूनही फोकस करते, मात्र तिचे अ‍ॅपर्चर ४०० मिलिमीटरला एफ ८ पलीकडे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड अधिक). पहाटेच्या अंधुक उजेडात ती कमी पडेल म्हणून मी संस्थेकडून ७०-२०० एफ २.८ जातीची लेन्स दोन दिवसांसाठी ९०० रुपये भाड्याने आणि ५,००० रुपये अनामतीवर घेतली होती. पिशवी उघडली तर लेन्सला हूड, म्हणजे तिरपा उजेड अडवणारी पुढची कड, नव्हता. समोरून येणाऱ्या तिरप्या सूर्यप्रकाशात काम करायला शिकवणाऱ्या कार्यशाळेने हूडविना लेन्स द्यावी, हे छत्रीच्या दुकानातून भिजत घरी येण्यासारखे आहे. मागून काढलेल्या माझ्या प्रत्येक छायाचित्रात फिकट गोल डाग आणि धुरकट पडदा आला. शेवटी डाव्या हाताचा तळवा लेन्सच्या वर धरून उजव्या हाताने जमेल तसे काढले. भाड्याचे सामान गाडीत चढण्यापूर्वी एकदा उघडून पाहायला हवे होते, हा माझा दोष मी मान्य करतो.

रात्री मी दोन्ही लेन्सचा हिशेब मांडला. पिल्लांच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना दोरी बांधतात आणि तिच्यापलीकडे पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे अंतर तीन मीटरच्या आसपास धरावे लागते. तेवढ्या अंतरावरून ४०० मिलिमीटरला चार सेंटिमीटरचे पिल्लू फुल फ्रेम (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या चौकटीच्या रुंदीचा साधारण सहावा भाग व्यापते; २०० मिलिमीटरला त्याच्याही निम्मे. उलट उजेडाच्या बाबतीत एफ २.८ ही एफ ८ पेक्षा तीन स्टॉप उजवी, म्हणजे जेथे एकीला आयएसओ ८०० पुरेल तेथे दुसरीला ६४०० लागेल. माझ्या कॅमेऱ्याचा ६४०० चा दाणेदारपणा मला सोसतो, पण ठिपक्याएवढे पिल्लू नंतर कापून मोठे करणे सोसत नाही. म्हणून सकाळी स्वतःचीच लेन्स लावायची ठरवली. ९०० रुपये वाया गेले, असे म्हणायला हरकत नाही. पुढे जाणाऱ्यांनी मात्र आपल्या कॅमेऱ्याचा आयएसओ कोठपर्यंत चालवून घेता येतो हे घरीच, दिवेलागणीच्या वेळी गच्चीवर एखादी सुपारी ठेवून, तपासून घ्यावे आणि मगच भाड्याचा विचार करावा.

रविवारी सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा पूर्वेकडचे डोंगर काळे होते. संध्याकाळच्या उजेडापेक्षा येथला पहाटेचा उजेड पूर्णपणे निराळा. सूर्य डोंगरामागे उगवतो, त्यामुळे वाळूवर थेट ऊन बराच वेळ येत नाही, सावल्या नसतात, आणि सगळीकडून सारखा येणारा थंड, निळसर प्रकाश असतो. समुद्राच्या क्षितिजावर करड्या निळ्या रंगाचा एक पट्टा होता आणि त्याच्या वर गुलाबी झाक. ती पृथ्वीची स्वतःचीच सावली आहे, सूर्य वर येईल तशी ती खाली सरकत जाऊन नाहीशी होते, असे बाईंनी दाखवून दिले. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटा ठरवणारी सोय, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा हा निळा-गुलाबी फरक पुसून टाकतो, म्हणून तो डेलाइटवर कायम ठेवा, ही त्यांची सूचना मला फार उपयोगी पडली.

दुसरी टोपली उचलली तेव्हा वाळू मध्यभागी बशीसारखी खचलेली होती. त्या खळग्यातून आधी एक वल्हे, मग वाळू चिकटलेले एक डोके वर आले, आणि पाहता पाहता अकरा पिल्ले झाली. कासवमित्रांनी ती मोजली, वहीत नोंद केली आणि टबात घालून दोरीच्या आतल्या रेषेपर्यंत आणली. थेट पाण्यात ती सोडत नाहीत. वाळूवरून स्वतः चालत जाताना पिल्लू आपला किनारा ओळखून ठेवते आणि मादी असेल तर मोठेपणी त्याच भागात अंडी घालायला येते, असे मानले जाते.

सोडण्यापूर्वी एका कासवमित्राने सर्वांना जवळ बोलावले. वय पंचविशीच्या आतबाहेर. तो म्हणाला, “पिल्लू समुद्र ओळखत नाही, उजेड ओळखतं. रात्री जमिनीपेक्षा पाणी उजळ दिसतं, म्हणून ते तिकडे जातं. तुमचा दिवा पाण्यापेक्षा उजळ असेल, तर ते तुमच्याकडे येईल.”

सारा वर्ग या तीन-चार वाक्यांत होता. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू झाडांच्या आणि डोंगराच्या काळ्या उंच रेषेकडे पाठ करते आणि खाली, क्षितिजालगत जे उजळ दिसते त्याच्याकडे चालू लागते. निळा-हिरवा प्रकाश त्याला अधिक जाणवतो, तांबडा कमी. रात्री किनाऱ्यावर गस्त घालणारे लाल बॅटरी वापरतात ती त्यासाठी. म्हणजे ज्याला आम्ही गुरुवारी ‘प्रकाशाचा दर्जा’ म्हणत होतो ती त्या पिल्लाची वाट होती, आणि आमच्यातला प्रत्येक पेटलेला पडदा, प्रत्येक फोन त्या वाटेत उभा होता. हे एकदा कळले की दोरीच्या कोणत्या बाजूला बसावे, छायाचित्र काढल्यावर पडदा का पाहू नये, फिकट रंगाचे चकचकीत जाकीट घालून पुढे का बसू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही. हा भाग पुण्याच्या वर्गात पहिल्या पाच मिनिटांत यायला हवा होता.

तो आला नव्हता त्याचे फळ लगेच दिसले. पिल्ले रेषेवर ठेवली, सारे स्तब्ध झाले, आणि माझ्या डावीकडून वाळूवर एक नारिंगी ठिपका पडला, विझला, पुन्हा पडला. कासवमित्र दबक्या आवाजात म्हणाला, “काका, तुमच्या शेजारच्या ताईंच्या कॅमेऱ्यातून दिवा येतोय, तेवढा बंद करायला सांगा.” त्या ताईंनी फ्लॅश बंदच ठेवला होता, पेटत होता तो ऑटोफोकसला मदत करणारा लहान दिवा, जो अंधुक उजेडात आपोआप लागतो आणि मेनूच्या आतल्या पानावर जाऊन बंद करावा लागतो. कॅमेरा संस्थेचा, भाड्याचा. त्यांना असा दिवा असतो हेच ठाऊक नव्हते. शेवटी त्यांनी बोटाने तो दिवा झाकला आणि उरलेला वेळ तसाच काढला. कोणते पिल्लू त्या दिव्याकडे वळले असे मी म्हणणार नाही, कारण मी तसे पाहिले नाही. पण नैसर्गिक प्रकाशाच्या नावाने चालणाऱ्या कार्यशाळेच्या कॅमेऱ्यांतला हा दिवा निघण्यापूर्वी बंद केलेला नसावा, ही चूक मला हूडच्या चुकीपेक्षा पुष्कळ मोठी वाटते.

दुसरी गोष्ट अधिक लागली. आदल्या संध्याकाळी आम्ही सुपाऱ्यांभोवती ज्या वाळूत दीड तास वावरलो होतो, तीच जागा सकाळी पिल्लांच्या मार्गात आली. खालचा भाग भरतीने धुऊन सारखा केला होता, पण वरच्या कोरड्या वाळूत आमच्या टाचांचे खळगे तसेच होते. कासवमित्रांनी पहाटे फळी ओढून ते बुजवले होते, तरी एक राहिला. सहावे की सातवे पिल्लू नेमके त्यात उतरले. माणसाच्या टाचेचा खळगा तो केवढा असणार? पण त्या पिल्लाच्या दृष्टीने ती विहीरच होती. ते कडेवर पुढची वल्ही टेकवी, वाळू ढासळे, ते मागे घसरे. पुन्हा थोडे डावीकडे सरकून तेच. मिनिटभर हे चालले. गरज नसताना हात लावायचा नाही हा नियम असल्यामुळे कासवमित्रही गुडघ्यावर बसून नुसता पाहत होता. चौथ्या की पाचव्या खेपेला ते वर आले आणि क्षणभर थांबून, मान उचलून, पुन्हा निघाले. त्या मिनिटाची माझी छायाचित्रे साऱ्या सहलीतील सर्वांत स्पष्ट आहेत: १/५०० शटर, एफ ८, आयएसओ ६४००, डोळ्यावर अचूक फोकस, पापणीवरचा वाळूचा एक कण दिसतो आहे. कारण साधे आहे, पिल्लू एका जागी होते. खळग्यातला बुटाचा ठसाही त्यात तितकाच स्पष्ट आला आहे. तो माझ्या बुटाचा नाही हे मी घरी येऊन ताडून पाहिले, आणि ताडून पाहिल्याबद्दल मला स्वतःचीच थोडी लाज वाटली. सुपारीचा सराव पुढच्या तुकड्यांनाही जरूर द्यावा, पण पिल्ले सोडण्याच्या पट्ट्यापासून पाचपन्नास पावले दूर. हे मी संस्थेला लेखी कळवले आहे.

उरलेल्या छायाचित्रणाबद्दल थोडक्यात सांगतो. तीन मीटरवरून ४०० मिलिमीटर आणि एफ ८ ला स्पष्ट येणारी पट्टी दोन-अडीच सेंटिमीटरच असते, त्यामुळे डोळा नेमका आला की पाठीचा मागचा भाग मऊ होतो. याला इलाज नाही आणि तो दोषही नाही. कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर असेल तर मागे समुद्र येतो, गुडघ्यावर बसून काढले तर नुसती वाळू येते. पडदा उघडून वर वळवता येत असेल तर मान वाचते. लेन्स किनाऱ्यावर बदलू नये. माझी लेन्स धूळ-पाण्यापासून बंदिस्त केलेली नाही, म्हणून तिला प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधली होती, आणि खाऱ्या हवेचा थर घरी आल्यावर त्या पिशवीवर बोटाने लिहिता येईल इतका जमला होता. सकाळचे मला आवडलेले छायाचित्र एकच. पहिली लाट पिल्लाला उलटे करून तीन हात मागे आणून टाकते, आणि ते पोट वर असताना त्याच्या ओल्या कडेवर तो गुलाबी पट्टा उतरलेला आहे. पुढच्या लाटेने ते नेले.

मुक्काम आणि जेवण यांना पैकीच्या पैकी गुण. गावातल्या घरांतच राहण्याची सोय असते. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, सोलकढी आणि रात्री उकडीचे मोदक. दिवे लवकर मालवण्याची शिस्त घरच्यांनाच अधिक होती. आमच्या ६,८०० रुपयांपैकी या घराकडे आणि कासवांच्या कामाकडे किती गेले, हे मात्र पावतीवर कोठेही लिहिलेले नव्हते. विचारल्यावर तोंडी उत्तर मिळाले, आणि ते समाधानकारक होते. तरी ते छापलेले असावे.

मार्गदर्शक बाईंना पाचपैकी पाच, नियोजनाला दोन. त्याच बाई पुन्हा नेणार असतील आणि तुकडी दहाची असेल तर मी पुन्हा पैसे भरीन. भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारीन: शनिवार-रविवारच्या आसपास ४५ दिवस पूर्ण होणारी घरटी किती आहेत, सरावाची जागा कोठे आहे, भाड्याच्या कॅमेऱ्यातला फोकसचा दिवा कोणी आणि केव्हा बंद केला, आणि गावाला किती जातात. ऑलिव्ह रिडले १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत, आहे. ‘हातात घेऊन फोटो’ असे आश्वासन कोणी देत असेल तर पाचव्या प्रश्नाची गरज नाही.

मंगळवारी लेन्स परत करायला गेलो. काउंटरवरच्या मुलाने झूमची रिंग कानाजवळ धरून फिरवली, आत वाळूचा एक कण करकरला, आणि त्याने अनामतीतून साफसफाईचे ३०० रुपये कापले. ते योग्यच होते, मी काही बोललो नाही. फक्त पावतीवर ‘हूडशिवाय दिली होती’ एवढे लिहून घेतले.